तळघरातली ताई

युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये आम्ही चौघी भाड्याच्या फ्लॅटवर राहायचो. मी बार्शीची, एक जळगावची, एक नांदेडची आणि चौथी ताई. ताई म्हणजे कुणाची सख्खी बहीण नव्हे. आम्ही मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, ती पाचव्या, म्हणून ताई. तिला नावानं हाक मारायची आमची टाप नव्हती. फ्लॅट तिनं शोधलेला, करार तिच्या नावावर, घरमालकिणीशी रशियनमधून तीच बोलायची. त्यामुळे मोठी खोली तिची, फ्रिजचे वरचे दोन कप्पे तिचे, बिलाचे मात्र चार समान वाटे. आम्ही तिघी पाठीमागे कुरकुरायचो आणि समोर "ताई, चहा टाकू का?" विचारायचो. घरोघरी मातीच्या चुली. लढाई झाली नसती तर प्रकरण एवढ्यावरच मिटलं असतं.

इशारे आले नव्हते असं नाही. १५ फेब्रुवारी २०२२ ला भारतीय दूतावासानं सांगितलं, राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघा. २० तारखेला पुन्हा सांगितलं. पण कॉलेज वर्ग ऑनलाइन करायला तयार नव्हतं, हजेरीची भीती होती आणि विमानाची तिकिटं रोज चढत होती. रशियाची सीमा शहरापासून जेमतेम ४० किलोमीटर. तरी ट्रॅम चालू होत्या, दुकानांत गर्दी होती, आणि घरमालकीण म्हणत होती, हे असलं आम्ही आठ वर्षं ऐकतोय. आमच्यात तिकीट काढलेलं फक्त ताईनं, २६ तारखेचं. मार्चमध्ये तिचा साखरपुडा होता. हॉलमध्ये तिची मोठी ट्रॉली बॅग भरून तयार होती. तिच्यात कपडे थोडे आणि रोशेनच्या चॉकलेटचे डबे जास्त. साखरपुड्याला येणाऱ्या पाहुण्यांना वाटायला.

२४ तारखेला पहाटे पाचच्या सुमारास काचा हादरल्या. युक्रेनचं आकाश विमानांना बंद झालं. कीव्हकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरलं आणि ताईचं २६ चं तिकीट कागद झालं. मला तेव्हाही तिचं वाईट वाटलं होतं, हे नमूद करून ठेवते.

आमची इमारत ख्रुश्चेव्हच्या काळातली, पाच मजली, बिनलिफ्टची. आम्ही चौथ्या मजल्यावर. हॉस्टेलची मुलं त्यांच्या तळघरात किंवा मेट्रो स्टेशनांत उतरली; गाड्या थांबवून स्टेशनंच निवारा केली होती. आम्ही शेजाऱ्यांबरोबर इमारतीच्याच तळघरात गेलो. खाली लोकांच्या कुलूपबंद कोठ्या होत्या. त्यांत बटाटे, लोणच्याच्या बरण्या, जुन्या सायकली. मधल्या बोळात आम्ही सगळे. छताला एक दिवा, मीटरजवळ एकच सॉकेट. भिंतीलगत हीटिंगचा जाड पाइप गेलेला होता. बाहेर तापमान शून्याच्या आसपास होतं, खाली उबेला तेवढा तो पाइपच.

ताईनं पहिल्या तासातच पाइपाजवळची जागा धरली. ट्रॉली बॅग चौथ्या मजल्यावरून खाली आणली होती (म्हणजे आम्ही आणली, ती पुढे टॉर्च धरून). ती बॅग तिनं आपल्या आणि आमच्या मध्ये आडवी टाकली. नांदेडचीला सर्दी होती. मी म्हटलं, "ताई, हिला आज पाइपाकडे झोपू दे का?" ताई म्हणाली, "मला मायग्रेन आहे, गारठ्यानं वाढतं." संपलं. सिनिअरला यापुढे बोलायची भाषा आमच्याकडे नव्हती. "बरं ताई" एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी बाथटबचं झालं. शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, असेल नसेल ते भांडं पाण्यानं भरून ठेवा. आम्ही पातेली, बाटल्या, कुकर भरला आणि शेवटी टब घासून काठोकाठ भरला. गोळीबार थांबला की एकेक जण वर जाऊन संडासला जायची, वरणभाताचा कुकर लावून यायची. २५ तारखेला दुपारी ताई वर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आमचा जीव टांगणीला. जळगावची धावत वर गेली तर ही टॉवेल गुंडाळून केस पुसतेय. टबाचं बूच काढलेलं, तळाशी फेस. "अगं, ते पाणी साठवलेलं होतं?" ताई म्हणाली. "मला वाटलं तुमच्यापैकी कुणी आंघोळीला काढलंय. गारच होतं, मी किटलीत गरम करून घेतलं." एवढा टब कुणी आंघोळीला काढत नाही, आणि गार पाणी तर नाहीच. संध्याकाळी नळाचं पाणी गेलं. रात्रभर आम्ही तिघी झाकणानं मोजून पाणी प्यायलो. ताईकडे तिच्या बाटल्या होत्या. आंघोळीआधी भरून घेतलेल्या.

एवढ्याशा गोष्टीचा किती राग यावा? मला इतका आला की रात्री मला स्फोटांपेक्षा ताईचं घोरणं जास्त ऐकू येत होतं. पुढे मी यावर पुष्कळ विचार केला. ज्यांनी बाँब टाकले त्यांच्यावर चिडून काय करणार, ते कुठे ऐकायला बसले होते. ताई हाताच्या अंतरावर होती. तिनं सॉकेटला फोन लावला, आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिनं कूस बदलली, आम्ही पाहिलं. तिच्यामुळे आम्हाला बोलायला विषय होता. अशा ठिकाणी विषय लागतो, हे खाली बसलेल्यालाच कळेल. तिच्या अनुपस्थितीत आम्ही जे हसायचो, ते भीतीवरचं औषध होतं. पण म्हणून तिनं टब रिकामा करावा असं नाही.

रात्रीचं आणखी एक. साधारण दोन-अडीचला, सगळे निपचित पडलेले असताना, बॅगेच्या चेनचा आवाज यायचा. सावकाश, दात दात करून उघडलेली चेन. मग चॉकलेटचा कागद. तो कागद हळू सोलायचा म्हटला तर जास्त वाजतो. सोलणं, थांबणं, परत सोलणं. पलीकडे कोठीच्या दाराशी एक लहान मुलगा आजीच्या कुशीत झोपायचा. त्यानं एकदा अंधारातच मान वर करून त्या दिशेनं पाहिलं. आम्ही त्या दिवशी पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती, तीही पुरवून पुरवून. जळगावचीनं सकाळी तोंड उघडलंच : "ताई, चॉकलेट आहेत ना तुझ्याकडे? पोराला तरी दे एखादं." ताई म्हणाली, "ती साखरपुड्याची आहेत गं." आणि हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. आता काय बोलायचं? (नांदेडचीच्या सॅकमध्येही खजुराचं पाकीट होतं, हे मला ल्विव्हला पोचल्यावर कळलं. तिचं पाकीट मला विनोदी वाटतं, ताईचे डबे अजून वाटत नाहीत. का, ते माहीत नाही.)

चार्जिंगचा प्रश्न मात्र सुटला, आणि तो आम्ही सोडवला नाही. ताईकडे मोठी पॉवरबँक होती. ती भरायला ती सॉकेट तासन्‌तास अडवायची, मग तिच्यावर फोन लावून होणाऱ्या नवऱ्याशी व्हिडिओ कॉल करायची. भारतातली वेळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडची सकाळ म्हणजे आमची मध्यरात्र. बाबुश्का, म्हणजे आज्या, "तीखा, तीखा" (गप्प, गप्प) करत राहायच्या. तळमजल्यावर एक निवृत्त मेट्रो कर्मचारी राहायचे, त्यांना सगळे द्याद्या म्हणायचे, म्हणजे काका. दार उघडायची, लावायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. त्यांनी वहीचं पान फाडलं, त्यावर फ्लॅटचे नंबर लिहिले, प्रत्येकापुढे अर्धा तास, आणि सॉकेटवर चिकटवलं. पॉवरबँक लावायची नाही. ताई रशियनमधून काहीतरी लांबलचक सांगायला लागली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, पिन काढली, वायर नीट गुंडाळून तिच्या हातात दिली आणि जाऊन बसले. ताई गप्प. आम्ही तिघी तोंडात मारल्यागत बघत राहिलो. इतकं सोपं होतं! त्यांना ताई म्हणायचं नव्हतं, तिच्या घरच्यांशी त्यांची ओळख नव्हती, उद्या तिच्याकडून पॅथॉलॉजीच्या नोट्स घ्यायच्या नव्हत्या.

मग २७ तारीख. त्या दिवशी सकाळी रशियन लष्कराच्या हलक्या गाड्या शहरात शिरल्या आणि रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. आतापर्यंत वरून पडणाऱ्याची भीती होती, आता कुणी दारातून आत येईल का, याची. प्रांताच्या गव्हर्नरांनी सगळ्यांना बजावलं, निवारा सोडू नका. द्याद्यांनी दिवा मालवला आणि ओठांवर बोट ठेवलं. खोकला आलेली बाई तोंडात मफलर कोंबून खोकत होती. बाहेर जवळच टपटप टपटप असा आवाज, मधूनच पळणारे बूट. कुणाचे ते कळायला मार्ग नव्हता. आणि त्या शांततेत ताईचा फोन वाजला. फुल आवाजात, सनईचं रिंगटोन.

तिनं तो बंद करायला हवा होता. तिनं उचलला. "हां, बोल ना," असं कुजबुजली. पुढचं वाक्य व्हायच्या आत अंधारातून द्याद्यांचा हात आला, फोन काढून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला. एक शब्द नाही. ताई गुडघ्यांत डोकं घालून मुसमुसत राहिली. तिच्या पाठीवरून कुणीतरी हात फिरवायला हवा होता. आमच्यापैकी कुणी फिरवला नाही, पलीकडच्या बाबुश्कानं फिरवला. संध्याकाळी शहर पुन्हा युक्रेनच्या ताब्यात असल्याची बातमी आली, तेव्हा द्याद्यांनी फोन परत केला. ताईनं आधी किती मिस्ड कॉल आलेत ते पाहिलं.

दुकानाचं सांगायचं राहिलं. संचारबंदी उठली की जवळच्या दुकानासमोर लांब रांग लागायची. पाव, पाणी, मिळेल ते. कुणी जायचं यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. ताईची चिठ्ठी निघाली की ताईचं डोकं दुखायचं. "मी नाही जाणार, तुम्हीपण जाऊ नका," म्हणायची, आणि आणलेल्या पावात वाटा घ्यायची. यावरून २८ ला जळगावची तिला स्पष्ट बोलली. ताई शांतपणे म्हणाली, "माझं लग्न आहे. मला मरायचं नाहीये." जळगावची म्हणाली, "आमचं नाहीये म्हणून आम्ही मरू का?" त्या दिवशी शहराच्या वस्त्यांवर रॉकेटांचा मारा झाला. रात्री कुणीच कुणाशी बोललं नाही.

१ मार्चला उजाडताना जाग आली तर पाइपाजवळची जागा रिकामी. ब्लँकेट नीट घडी केलेलं. ट्रॉली बॅग जागच्या जागी, छोटी सॅक गायब, आणि आमच्या सामाईक पाण्यातला पाच लिटरचा कॅनही गायब. तिच्या वर्गातल्या काहींनी अव्वाच्या सव्वा पैसे देऊन स्टेशनपर्यंत गाडी ठरवली होती, हे नंतर समजलं. एकच जागा होती, मोठी बॅग बसत नव्हती. जागं करून सांगितलं असतं तर आम्ही अडवणार नव्हतो. जळगावची अशा शिव्या देत होती की मी तिच्या तोंडून त्या कधी ऐकल्या नव्हत्या. तेवढ्यात सगळी इमारत हलली. स्वातंत्र्य चौकातल्या प्रांतिक प्रशासनाच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं होतं. स्टेशनकडे जाणारी माणसं त्याच बाजूनं जात होती.

ताईचा फोन लागेना. एकीनं शिवी द्यायची, दुसरीनं नंबर फिरवायचा, असं चाललं होतं. शिव्या देत देत देव पाण्यात घालून बसलो होतो. दुपारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं : खारकीव्हमध्ये एक भारतीय विद्यार्थी ठार. बस, एवढंच. नाव नाही, मुलगा की मुलगी ते नाही. नांदेडची बॅगेवर हात ठेवून बसली. नंतर तपशील आला. कर्नाटकातला मुलगा, चौथ्या वर्षाचा, किराणा दुकानाच्या रांगेत उभा असताना. त्याला आम्ही ओळखत नव्हतो. ताई नव्हे हे कळल्यावर छातीवरचं ओझं उतरलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या मुलाच्या आईचं काय होत असेल हे मनात आलं. त्या दिवसानंतर ताई रांगेत उभी राहायची नाही, यावर बोलायची आमची सोय संपली. ती भित्री होती, आपमतलबी होती, आणि त्या एका बाबतीत तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे तिन्ही एकाच वेळी खरं आहे. मला ते आजही एकत्र गिळता येत नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज : "ट्रेनमध्ये आहे. पोल्टावाच्या पुढे. व्होकझालला (स्टेशनवर) आधी युक्रेनियन बायका-मुलांना घेतात, पण आपल्या मुलींना चढू देतायत. उद्या सकाळीच निघा, थांबू नका." लगेच दुसरा : "बॅगेत वर निळी फाइल आहे, दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कलिस्ट. प्लीज आणा. लॉक ००७." आणि तिसरा : "बॅगच आणता आली तर बघा."

पहिल्या मेसेजनं आमचा निर्णय झाला, हे मान्य करायलाच हवं. तोवर थांबावं की निघावं यावर आम्ही नुसता काथ्याकूट करत होतो. तिसऱ्या मेसेजवर आम्ही हसलो. किती दिवसांनी, आणि पोट धरून हसलो.

बॅग उघडली. निळी फाइल काढली. तिच्याखाली साड्यांमध्ये गुंडाळलेले डबे. दोन अर्धवट, बाकीचे सीलबंद. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. नांदेडची म्हणाली, "साखरपुडा आहे तिचा." जळगावची म्हणाली, "मग? पाहुण्यांना वाटायचीच आहेत ना?" आणि तिनं पहिला डबा त्या आजीच्या नातवाच्या मांडीवर ठेवला. मग सगळ्या तळघरात डबे फिरले. द्याद्यांनी दोन घेतली, एक खाल्लं, एक खिशात ठेवलं.

पुढचं थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांनी सांगितलंय. २ तारखेला सकाळी चालत स्टेशन गाठलं, रस्ताभर काचा. फलाटावर आत शिरायला मिळालं ते केवळ मुली म्हणून. आमच्या वर्गातली मुलं मागे राहिली. आम्ही गाडीत असतानाच दूतावासाचा संदेश आला की खारकीव्ह ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर पायी, आणि संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा. ती मुलं बर्फातून चालत पेसोचिनला गेली आणि तिथून पुढे बसनं सुटली. आम्ही दिवे मालवलेल्या, पडदे ओढलेल्या गाडीतून ल्विव्ह, तिथून उझ्होरोद, हंगेरीची सीमा, बुडापेस्ट आणि ऑपरेशन गंगाच्या विमानानं दिल्ली. निळी फाइल माझ्या सॅकमध्ये, पाठीला टोचत. ती टाकून द्यावी असं सीमेवरच्या रांगेत एकदा मनात आलं होतं. टाकली नाही, कारण मार्कलिस्टची डुप्लिकेट काढायला बोर्डात काय खेटे घालावे लागतात ते मला माहीत आहे.

फाइल मी कुरिअरनं पाठवली. ताईचा "थँक्यू बाळा" असा मेसेज आला, सोबत हृदय. कॅनबद्दल काही नाही, बॅगेबद्दल काही नाही.

मे महिन्यात तिचं लग्न झालं, संगमनेरला. आम्ही तिघी गेलो. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिच्या आईचे इतके फोन आले की नाही म्हणवेना. जेवणाच्या पंगतीत काकू आम्हाला हाताला धरून नवऱ्याकडच्या बायकांपुढे घेऊन गेल्या. "ह्या त्या पोरी," म्हणाल्या, "युद्धात हिच्याबरोबर होत्या. पोरीनं ह्यांना पाठच्या बहिणींसारखं सांभाळलं हो. स्वतःच्या तोंडातला घास काढून दिला." सगळ्या बायका कौतुकानं आमच्याकडे बघायला लागल्या. पलीकडे शालू नेसलेली ताई ताटातल्या जिलेबीकडे बघत होती.

मी काही बोलणार, तोच जळगावची काकूंच्या पाया पडली आणि म्हणाली, "हो ना काकू. चॉकलेटंसुद्धा वाटली. अख्ख्या बिल्डिंगला पुरली."